पोस्टात पडून असलेली पत्रं

पहिल्या दिवशी ऑफिसचे प्रमुख मोरिता-सान यांनी स्वरूपाला एकच नियम सांगितला होता आणि तो सांगताना ते दोनदा वाकले होते. "जसं दिसेल तसं टाइप करायचं. दुरुस्ती करायची नाही."

तिला बरं वाटलं होतं. पस्तीस वर्षांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच कुणी म्हणत होतं.

टोकियोत, मोन्झेन-नाकाचो स्टेशनच्या मागच्या गल्लीत, टोफूच्या दुकानावर तिसऱ्या मजल्याला ते ऑफिस होतं. सकाळी जिन्यात उकडलेल्या सोयाबीनचा वास असायचा, वर गेलं की जुन्या हीटरचा. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, दहा ते चार. सोमवारी आणि शनिवारी दुसरीकडे असंच टायपिंग. हिगाशी-कसाई भागातल्या घरापासून कसाई स्टेशनपर्यंत वीस मिनिटं चालायचं आणि मग तोझाई लाइनच्या डब्यात दाराला चिकटून उभं राहायचं. नवरा अनुप त्याच लाइननं दोन तास आधी गेलेला असायचा. एका बँकेच्या सिस्टिमसाठी तो २००३ साली 'फक्त दोन वर्षं' म्हणून टोकियोला आला होता; आता २००६ संपत आलं होतं. तो रात्री दहाला यायचा आणि जेवता जेवता झोपायचा. दोघांनाही मरायला फुरसत नव्हती, आणि हे असं कशासाठी चाललंय, हे एकमेकांना विचारायचंही त्राण उरलं नव्हतं.

काम मिळालं ते विनयमुळे. विनय अनुपचा कॉलेजातला मित्र, त्सुकुबाच्या एका संशोधन संस्थेत होता. जुना छापील मजकूर कम्प्युटरला वाचायला शिकवणं हा त्याचा उद्योग. त्यासाठी सगळ्यात घाणेरडं छापलेलं काहीतरी हवं, म्हणून त्याच्या प्रोफेसरांनी अमेरिकेतून एका साप्ताहिकाचे बांधीव अंक मागवले होते. 'ऑर्नबी वीकली पॅकेट'. अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती तेव्हाचं, १७६१ ते १७७५, एका चिमुकल्या बंदरगावातून निघणारं चार पानी पत्र. मालक, संपादक, खिळे जुळवणारा सगळं एकच, जोसाया टॅल्बट नावाचा गृहस्थ. गावचं पोस्टही त्याच्याच छापखान्यात. कागद संपत आला की 'स्वच्छ चिंध्या आणून द्याव्यात' अशी तो वाचकांनाच गळ घालायचा, कारण कागद चिंध्यांचाच व्हायचा. इंग्रजांनी छापील कागदावर लादलेल्या स्टॅम्पच्या करावरून गावं पेटली तेव्हा त्यानं अंकाला सुतकाची काळी चौकट घातली होती. १७६८ साली टॅल्बट गेला. त्याच्या बायकोनं छापखाना चालवला, पण अंकाच्या माथ्यावरचं नाव काही तिनं बदललं नाही. मेलेल्या माणसाच्या नावानं साप्ताहिक सात वर्षं निघत राहिलं.

त्या अंकांचं टायपिंग मोरिता-सानांच्या ऑफिसकडे आलं होतं. एकच पान दोघींनी वेगवेगळं टाइप करायचं, ही कामाची पद्धत. 'अ' म्हणजे स्वरूपा. 'ब' म्हणजे मात्सुदोला राहणाऱ्या एक सत्तरीच्या बाई, घरूनच काम करणाऱ्या. दोन्ही फाइली कम्प्युटर एकमेकींवर ताडून बघायचा आणि फरक असेल तिथे लाल करायचा. त्या बाईंना इंग्रजी येत नव्हतं. त्या प्रत्येक अक्षराचा आकार बघून टाइप करायच्या, म्हणूनच त्यांची कधी चूक व्हायची नाही. ज्याला वाचता येतं तो मनाने भर घालतो, असं मोरिता-सान म्हणायचे. लाल व्हायच्या त्या सगळ्या स्वरूपाच्याच चुका.

अंकाचा एक भाग मात्र ती मन लावून टाइप करायची. दर चार-पाच अंकांनंतर तो यायचा. 'पोस्टात पडून असलेली पत्रं. ज्यांची आहेत त्यांनी स्वतः येऊन न्यावीत.' खाली नावं, नावापुढे पत्रांची संख्या. तिचे वडील भानुदास कुरुंदवाडचे पोस्टमास्तर होते. असली यादी ते दर शनिवारी पोस्टाच्या भिंतीवर चिकटवायचे, आणि लहानपणी डिंकाची वाटी धरून ती शेजारी उभी असायची.

बाबांचा उजवा अंगठा कायम जांभळा असायचा, स्टॅम्पपॅडच्या शाईनं. निवृत्त झाले तरी पॅड घरात होतंच. पत्र बंद केलं की पाकिटाच्या जोडावर ते अंगठा उठवायचे. "ज्याचं पत्र त्यानंच फोडावं," हा त्यांचा कायदा. लग्नात अनुपनं ताटातल्या तांदळात अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, 'स्वरूपा', सासूबाईंच्या पसंतीचं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. निघताना म्हणाले, "पत्ता बदलतो, माणूस बदलत नाही." त्यानंतरची नऊ वर्षं त्यांनी दर आठवड्याला तिला एक पत्र लिहिलं आणि पाकिटावर नाव घातलं 'सुप्रभा'. जपानात ते नाव अनुपखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तोही विसरला असावा.

जून महिन्यापासून तिनं ती पत्रं फोडणं सोडून दिलं होतं.

कारण काही नव्हतं. दमायची, एवढंच. दर रविवारी फोन व्हायचा, मग पत्रात वेगळं काय असणार? पाकीट आलं की ते फ्रिजवरच्या बुटांच्या खोक्यात जायचं. बाबा फोनवर विचारायचे, "पत्र मिळालं का गं?" ती म्हणायची, "मिळालं, बाबा. वाचलं." ऑगस्टमध्ये एका रविवारी ते म्हणाले, "मग काय ठरवलंस?" काय ठरवायचं होतं, ते तिला ठाऊक नव्हतं. मागे वॉशिंग मशीन ओरडत होतं. ती म्हणाली, "बघू, बाबा." पुढच्या रविवारी त्यांनी तो विषय काढलाच नाही. त्यानंतरच्या गुरुवारी दुपारी आरामखुर्चीतच ते गेले. ती पोचली तेव्हा चौथा दिवस उजाडला होता.

परतल्यावर खोकं उघडायचा तिला धीर झाला नाही. बाबांनी काय विचारलं होतं? हो म्हणायला हवं होतं की नाही? दाराच्या फटीत पडलेल्या 'आपण घरी नव्हता'च्या चिठ्ठ्याही त्याच खोक्याशेजारी साठत गेल्या. इथला पोस्टमन घरी कुणी नसलं की अशी चिठ्ठी टाकून जातो, पुन्हा कधी यायचं त्याचा रकाना असलेली. तिच्या घरी तर कुणीच नसायचं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी ती १७७४ सालचा एक अंक टाइप करत होती. तिसऱ्या पानावर यादी होती. कॅप्टन अमुक, दोन. विधवा तमुक, एक. आणि खालून चौथी ओळ:

सुप्रभा, भानुदासची मुलगी, अकरा.

अक्षरं इंग्रजी, खिळे झिजलेले, पण शब्द स्वच्छ. तिनं चष्मा पुसला. पान मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं. टोफूवाल्याचं शटर खाली वाजलं. आपण फार दमलोय, असं तिनं स्वतःला सांगितलं, ती ओळ सोडून दिली आणि पुढचं नाव टाइप केलं.

बुधवारी मोरिता-सान तिच्या टेबलाशी आले. स्क्रीनवर एकच ओळ लाल होती.

"स्वरूपा-सान, ही तुमच्याकडून राहिली."

'ब'च्या फाइलीत ती होती. मात्सुदोच्या बाईंनी एकेक आकार बघून टाइप केलेली. अकराचा आकडासुद्धा.

"मोरिता-सान, हे नाव तुम्हाला दिसतंय?"

ते वाकून बघू लागले. "दिसतंय. का?"

"काही नाही."

"मग कृपा करून घाला. जसं दिसतं तसं."

तिनं ती ओळ घातली. घरी येऊन तिनं खोक्यातली पाकिटं मोजली. दहा निघाली, आणि तिच्या जिवात जीव आला. चला, योगायोग म्हणायचा. तिनं खोकं परत फ्रिजवर सरकवलं तेव्हा तिथं साचलेल्या 'आपण घरी नव्हता'च्या चिठ्ठ्या आणि सुपरमार्केटच्या जाहिराती घसरल्या आणि त्यातून अकरावं पाकीट जमिनीवर पडलं. बाबा गेल्यावर आलेलं असणार. तिनं ते कधी पाहिलंच नव्हतं.

गुरुवारी ती त्सुकुबाला गेली. अनुपला सांगितलं नाही; सांगायला तो जागा कुठे होता? अकिहाबाराहून नवी गाडी पाऊण तासात तिथं पोचते. रुंद रस्ते, सायकली, आणि माणसांपेक्षा झाडं जास्त. विनयनं हातमोजे घालून बांधीव अंक टेबलावर उघडला.

"ही ओळ? अगं हो, आहे की. इंटरेस्टिंग आहे, नाही?"

"तुला हे विचित्र नाही वाटत?"

"पोर्ट टाउन आहे गं. लंडनहून जहाजं यायची, त्यांच्यावर आपल्याकडचे खलाशी, आया, कोण कोण असायचं. कुणीतरी बिचारी हिंदुस्थानी बाई असेल. यावर एक पेपर होईल बघ!" तो खूश झाला होता. "पण अकरा पत्रं येऊन एकही न्यायला आली नाही, म्हणजे कमालच म्हणायची."

ते नाव आपलं आहे, हे तिनं त्याला सांगितलं नाही. तो हसला असता, आणि ते तिला त्या क्षणी सहन झालं नसतं.

"हात लावू का?"

"हळूच लाव."

चिंध्यांचा तो कागद अजून दणकट होता. खिळ्यांचा दाब बोटाला लागत होता. ती वाकली तशी वास आला. लाखेचा, डिंकाचा आणि जांभळ्या शाईचा. ती घाबरून सरळ झाली. विनय पुढची पानं उलटत होता. त्याला कसला वास येत असावा असं वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात पुढची यादी आली. सुप्रभा, भानुदासची मुलगी, अकरा. या वेळी शेवटी एक ओळ जास्तीची होती. 'पुढील यादीपर्यंत न नेल्यास पत्रं मृतपत्रांत जमा होतील.'

हा प्रकार तिला तोंडपाठ होता. पत्ता न लागणाऱ्या, कुणी न नेलेल्या पत्रांची एक वेगळी थैली असते. ती थैली बांधायच्या दिवशी बाबा दुपारचे जेवायचे नाहीत.

बरं वाटत नाही असं सांगून ती दीड वाजताच ऑफिसातून निघाली.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं अकरा पाकिटं तारखेनं लावली. प्रत्येकाच्या जोडावर जांभळा अंगठा होता. तिनं एकेक फोडलं. घाटाच्या कितव्या पायरीला पाणी लागलं. गुडघा. शेजारच्या जयंतीबाईंनी दिलेलं आंब्याचं लोणचं. वाचता वाचता ती एकदा मोठ्यानं हसलीसुद्धा. नवव्यात होतं ते.

"सुप्रभा, हे घर आता एकट्याला मोठं पडतं. थोडे दिवस तुझ्याकडे येऊ का? महिनाभर पुरे. हो की नाही, एका ओळीत कळव. फोनवर नको, फोनवर तू घाईत असतेस."

दहाव्यात: "तू 'बघू' म्हणालीस. बघू हे पोस्टात चालत नाही. पत्र पोचतं किंवा परत येतं. एका ओळीत लिही."

अकराव्यात: "पासपोर्ट आला. फोटोत मी चोरासारखा दिसतो. तुझ्या उत्तराची वाट बघतोय."

तिला रडू आवरेना. पासपोर्ट! चौऱ्याहत्तराव्या वर्षी कोल्हापूरला खेटे घालून त्यांनी पासपोर्ट काढला होता, आणि ती वॉशिंग मशीनचा आवाज बंद करायलाही उठली नव्हती. लेक म्हणून आपण कुठे कमी पडलो, ते तिला त्या टेबलापाशी बसून नीट, पुरतं कळलं.

मग तिनं कागद घेतला. नऊ वर्षांत तिनं त्यांना एकही पत्र लिहिलं नव्हतं. तिनं लिहिलं:

"बाबा, या. तुमची, सुप्रभा."

पाकिटावर कुरुंदवाडचा, कुलूप लावलेल्या घराचा पत्ता घातला. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत ते टाकलं तेव्हा तीन वाजले होते. शाळेतून मुलं सुटत होती. वेडेपणा होता, पण त्या रात्री तिला बऱ्याच महिन्यांनी गाढ झोप लागली.

पुढची यादी डिसेंबरात आली. सुप्रभाचं नाव नव्हतं. तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि खालची ओळ वाचली.

भानुदास, पोस्टमास्तर, एक.

तिनं जसं दिसलं तसं टाइप केलं. 'ब'नंही केलं होतं. त्या दिवशी काहीच लाल झालं नाही.

त्यानंतरच्या यादीत तेही नाव नव्हतं.

कुणीतरी ते पत्र नेलं होतं.

'वीकली पॅकेट'चा शेवटचा अंक तिच्या टेबलावर आला तो डिसेंबरातल्या एका शुक्रवारी. १७७५, एप्रिल. पुढे लढाई पेटली आणि टॅल्बटबाईंनी बंदुकीच्या गोळ्यांसाठी खिळे वितळवायला दिले, असं विनयनं सांगितलं होतं. अंकात यादी नव्हती. तिला हायसं वाटलं. संपलं एकदाचं, असं ती मनात म्हणाली.

चौथ्या पानावर बंदराच्या बातम्या होत्या. नेहमीचंच सदर, कुठलं जहाज आलं, कुठलं गेलं, कोण उतरलं.

लिस्बनहून मीठ. बार्बाडोसहून काकवी.

'उतरले: भानुदास, पोस्टमास्तर. मुलीकडे जाण्यास निघाले.'

तिनं टाइप केलं. मग हात मांडीवर ठेवून ती बसून राहिली. हीटरचा आवाज येत होता. मोरिता-सान चहा घेऊन आले. म्हणाले, आज काम लवकर संपलं, तुम्ही दमलेल्या दिसता, घरी जा. ती उठली.

गाडीत बसायला जागा मिळाली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

कसाई स्टेशनपासून ती चालत आली. डिसेंबरातला दिवस, साडेचारलाच अंधारून आलं होतं. इमारतीच्या बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे, कुठल्यातरी गुजराती घरातून येणारा फोडणीचा वास. लिफ्ट, चौथा मजला, तिचं दार.

दाराच्या फटीत चिठ्ठी होती. 'आपण घरी नव्हता.'

छापील जपानी चिठ्ठी, रोजच्यासारखी. आजची तारीख. वेळ, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. 'कोणासाठी' या रकान्यात फाउंटन पेननं, देवनागरीत, थरथरत्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं: सुप्रभा.

'कोणाकडून' हा रकाना कोरा होता. त्याच्यावर जांभळा अंगठा होता.

तिनं बोट लावलं. बोट जांभळं झालं.

ते आले होते, आणि आजही ती घरी नव्हती. भीतीच्याही आधी तिला त्याचंच वाईट वाटलं.

चिठ्ठीच्या तळाशी, पुन्हा कधी यायचं ते घरच्यांनी भरायचं असतं. तो रकाना भरलेला होता. आजच. संध्याकाळी सहा ते आठ.

ती आत आली. दाराला कडी लावली नाही. पायातले बूट काढून बाजूला सारले आणि समोरची जागा मोकळी केली.

ती घड्याळाकडे बघत बसली; सहाला दहा मिनिटं उरली. अनुप दहाशिवाय येणार नव्हता.

तिनं गॅसवर आधण ठेवलं आणि दोन कप काढले. साखर एकाच कपात घातली. बाबा बिनसाखरेचा घ्यायचे.